टोप्यांचे शिकारी

माझ्या एका कादंबरीत एक इनामदार आहे. रात्री त्याच्या वाड्यावर दरोडा पडतो. इनामदार भिंतीवरची ठासणीची एकनळी बंदूक काढतो, लागोपाठ दोन बार उडवतो आणि दरोडेखोरांना पिटाळून लावतो. हे प्रकरण मला चांगले साधले आहे अशी माझी समजूत होती. कादंबरी प्रसिद्ध झाली आणि महिन्याभराने एका अनोळखी गृहस्थांचे पत्र आले. पत्रात कादंबरीची स्तुती एका वाक्यात उरकून त्यांनी लिहिले होते की, पहिला बार निघाल्यावर तुमच्या इनामदाराला नळीत दारू ओतावी लागेल, तीवर लगदा ठासावा लागेल, मग छर्रे, मग पुन्हा लगदा, पुन्हा गज, आणि सरतेशेवटी कानावर केप, म्हणजे आमच्याकडे जिला टोपी म्हणतात ती, बसवावी लागेल. एवढ्या अवकाशात दरोडेखोर तिजोरी फोडून, तुमच्याच ओसरीवर चहा पिऊन निघून जातील. शेवटी एक निमंत्रण होते. जिल्ह्याच्या गावी बंदुकीचे एक दुकान आहे, आम्ही काही मंडळी तेथे बसतो. पुढची बंदूक उडवण्यापूर्वी एकदा येऊन जावे.

शाळामास्तराला कोणी चूक दाखवली की तो प्रथम रागावतो आणि मग शिकतो. माझेही तसेच झाले. राग ओसरल्यावर खंडेनवमीची सुट्टी साधून मी त्या दुकानात गेलो. तेथे जे पाहिले त्यामुळे मला तीन जुन्या कृती पुन्हा वाचाव्या आणि पाहाव्या लागल्या. त्यांच्याविषयीच आज लिहावयाचे आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर बंदुकीचा विषय म्हणजे चकलीत खडा, असे कोणी म्हणेल. पण लवंगी फटाक्याची माळ लावून लांब उभे राहणारे आपण सगळेच थोडेबहुत या विषयातले आहोत, हे लेख संपेपर्यंत ध्यानात येईल अशी आशा आहे.

दुकान लांबोळे आणि अरुंद होते. भिंतीशी काचेची कपाटे, त्यांत बंदुका ओळीने उभ्या, आणि सगळ्यांच्या चापांच्या कड्यांतून एकच साखळी ओवून तिला कुलूप घातलेले. खंडेनवमी म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडात झेंडूचे एकेक फूल खोचले होते. एका कपाटात सरकारी कारखान्यातल्या नव्या बारा बोरच्या बंदुका, आणि बाकीच्या कपाटांत जुन्या, वापरलेल्या. जुन्यांच्या गळ्यात दोऱ्याने पुठ्ठ्याची एकेक चिठ्ठी बांधलेली. आणि या कपाटांसमोर एक बाक होता. त्यावर एक निवृत्त तलाठी, एक बागाईतदार, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आणि माझे पत्रलेखक, जे पूर्वी पाटबंधारे खात्यात होते, असे चौघे बसले होते. चौघांपैकी कोणी काही विकत घेण्यासाठी आलेले नव्हते. नेमाने देवळात जाणारा माणूस दर वेळी नवस बोलत नाही, तसेच हे.

मी तीन तास बसलो. तेवढ्या वेळात एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीचे छरे घेऊन गेला आणि एक शेतकरी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कसा भरतात ते विचारून गेला. दुकानाचा धंदा एवढाच झाला. बोलणे मात्र अखंड चालले होते. बर्मिंगहॅमच्या नळीची सर दुसऱ्या कशाला नाही, दुनळीचा डावा घोडा नेहमी कसा दगा देतो, अमक्या साली तमक्या नाल्यात कोणाच्या आजोबांनी वाघ कसा पाडला. प्रत्येक गोष्टीतला वाघ दुसऱ्याच्या गोष्टीतल्या वाघाहून वीतभर लांब होता.

वाघ आजोबांच्याच काळातला असतो, याचे कारण उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्याकडे हौसेची शिकार संपली, आणि ती संपली हे फार चांगले झाले. त्याआधीच १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट घालून दिली होती. पुढे १९८० नंतरच्या दशकात परदेशी बंदुकांची आयातही जवळजवळ बंद झाली. २०१९ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. परिणाम असा की शिकार नाही, पण बंदुका आहेत. नव्या परदेशी बंदुका येत नाहीत म्हणून आजोबांच्या जुन्या बंदुकांना मागणी आहे. आणि परवानाधारक वारला की घरच्यांना ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावी लागते. कपाटातल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या म्हणजे बहुतेक मेलेल्या माणसांची नावे होती.

हा बाक मी पूर्वी कोठेतरी पाहिला आहे, असे मला सारखे वाटत होते. परतीच्या एस. टी. त आठवले. तो मी तारास्कोंला पाहिला होता!

तारास्कों हे दक्षिण फ्रान्समधले, ऱ्होन नदीच्या काठचे खरेखुरे गाव. पण जगाला ते माहीत झाले ते आल्फाँस दोदेच्या १८७२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘तारास्कोंचा तार्तारँ’ या लहानशा कादंबरीमुळे. मला फ्रेंच येत नाही. इंग्रजी भाषांतर मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले; तरीही हसू आवरेना, यावरून मूळ पुस्तकाचा गुण समजावा. या गावातल्या प्रत्येक पुरुषाला शिकारीचे वेड आहे आणि गावाच्या आसपास पाच कोसांत शिकार म्हणून उरलेली नाही. पाखरे या गावाला वळसा घालून जातात. एकच म्हातारा ससा तेवढा हट्टाने राहिला आहे. त्याला लोकांनी ‘चपळ’ अशा अर्थाचे नाव दिले आहे आणि तो कोणालाही सापडत नाही. मग दर रविवारी ही मंडळी काय करतात? बंदुका, पिशव्या, कुत्रे, शिंगे असा सगळा सरंजाम घेऊन गावाबाहेर जातात, झाडाखाली भरपेट जेवतात, आणि मग प्रत्येक जण आपली टोपी हवेत उंच उडवून तिच्यावर बार काढतो. ज्याच्या टोपीला भोके जास्त तो त्या दिवसाचा राजा. त्याने चाळण झालेली टोपी बंदुकीच्या टोकावर लावून वाजतगाजत गावात यायचे. गावातला टोपीवाला नेमबाजी न येणाऱ्यांसाठी आधीच भोके पाडलेल्या टोप्याही विकतो!

या मंडळींचा अड्डा म्हणजे कोस्तकाल्द नावाच्या बंदूकवाल्याचे दुकान. रोज तेथे बैठक भरते. सगळे उभे राहून भांडत असतात आणि मध्यभागी हिरव्या कातड्याच्या खुर्चीत, तोंडात चिलीम धरून, एक लठ्ठ गृहस्थ न्यायाधीशासारखा बसलेला असतो. हाच तार्तारँ. टोप्यांचा सम्राट. याच्या बागेत गोरखचिंचेचे झाड आहे, पण ते कुंडीत मावते. याच्या खोलीत जगातली सगळी हत्यारे टांगलेली आहेत आणि त्यांवर चिठ्ठ्या आहेत: हे विषारी बाण आहेत, हात लावू नये, ही बंदूक भरलेली आहे, जपून. आणि हा वीर उभ्या जन्मात तारास्कोंबाहेर मुक्कामाला गेलेला नाही. एकदा शांघायला नोकरीवर जाण्याची गोष्ट निघाली होती. तो गेला नाही. पण त्या गोष्टीवर इतके महिने बोलणे झाले की पुढेपुढे गावाला आणि त्याला स्वतःलाही तो शांघायला जाऊन आल्यासारखे वाटू लागले.

आपल्याकडे अशा माणसाला उत्तराची उपमा देतात. विराटाच्या अंतःपुरात बायकांपुढे बढाया मारणारा आणि कौरवांची सेना दिसताच रथातून उडी टाकून पळणारा राजपुत्र उत्तर. परंतु ही उपमा तार्तारँला पुरती लागू पडत नाही. उत्तर भ्याड आहे. तार्तारँ तसा नाही. दोदेने फार मार्मिकपणे सांगितले आहे की या एका देहात डॉन किहोते आणि सांको पान्सा असे दोन जीव कोंडलेले आहेत. एक म्हणतो चल सिंहावर, दुसरा म्हणतो फ्लॅनेलचा गरम सदरा घाल. आपल्या भाषेत बोलायचे तर चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ एकाच बंडीत कोंबल्यासारखे झाले आहे. चिं. विं. नी त्यांना दोन देह दिले म्हणून ते निदान एकमेकांना सोबत करतात. तार्तारँ बिचारा एकटा आहे.

आता गोष्टीला जे वळण मिळते ते टीकाकारांनी पुष्कळदा गमतीवारी नेले आहे, पण माझ्या मते सगळे पुस्तक तेथेच आहे. एका संध्याकाळी तार्तारँ दुकानात नव्याने निघालेली सुईची बंदूक कशी चालते ते लोकांना समजावून देत असतो. एवढ्यात एक जण धावत येतो: गावात सर्कशीतल्यासारखा प्राण्यांचा तांडा आला आहे आणि त्यात सिंह आहे! तार्तारँ बंदूक खांद्यावर टाकून पिंजऱ्यापुढे जाऊन उभा राहतो. सिंह डरकाळी फोडतो, सगळे गाव पळते, तार्तारँ जागचा हलत नाही. आणि तो एवढेच पुटपुटतो की, ही खरी शिकार. बस्स! दुसऱ्या दिवशी गावभर झाले की तार्तारँ सिंह मारायला आफ्रिकेत निघाला. तो तसे म्हणालेला नाही. पण नाही म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही. सिंहापुढे उभे राहण्याहून ते अवघड असते.

महिने जातात. सामानाच्या पेट्या भरल्या जातात, पण वीर काही निघत नाही. मग तोच अड्डा उलटतो. दुकानातली मंडळी डोळे मिचकावू लागतात, पोरे टवाळीची गाणी म्हणू लागतात. ज्या बाकाने त्याला राजा केले त्याच बाकाला आता किंमत वसूल करून हवी असते. शेवटी त्याचा जिवलग मित्र, लष्करातला जुना अधिकारी ब्राव्हिदा, गंभीर चेहऱ्याने येऊन सांगतो की, आता गेलेच पाहिजे. आणि तार्तारँ जातो.

अल्जिरियात त्याने काय केले ते थोडक्यात असे. रात्री दबा धरून पहिला ‘सिंह’ मारला तो एका म्हातारीचे गाढव निघाले. दोनशे फ्रँक भरावे लागले. एका भामट्या राजपुत्राने त्याला लुबाडले. आणि अखेरीस त्याने खरोखरच एक सिंह मारला. तो सिंह आंधळा होता, माणसाळलेला होता, तोंडात भिक्षेचे भांडे धरून दारोदार फिरवला जाणारा, मठातला सिंह होता. दंड झाला अडीच हजार फ्रँक आणि खर्च वेगळा. तो भरण्यासाठी तार्तारँला आपली शस्त्रांची पेटी विकावी लागली. अखंड नव्हे, एकेक बंदूक, एकेक खंजीर सुटा करून. सिंहाचे कातडे त्याने गावी पाठवले होते. तो कफल्लक होऊन परतला तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घेतले, कारण कातडे आधी पोचले होते आणि ते कोणत्या सिंहाचे हे गावाने विचारले नव्हते.

दोदे हा बढाईखोरांची थट्टा करणारा लेखक, असे सामान्यतः म्हणतात. मला हे मान्य नाही. टोपीवर बार काढणारी माणसे त्याला आवडतात. त्या रविवारच्या जेवणाचे वर्णन तो ज्या जिभेने करतो ती थट्टेखोराची जीभ नव्हे. तो स्वतः दक्षिणेचाच, नीम गावचा. १८६१ साली प्रकृतीसाठी अल्जिरियाला जाऊन आलेला. आपण त्या बाकावर बसलेलो आहोत हे त्याला ठाऊक आहे. टोपीला भोक पडले तर टोपीवाल्याचा फायदा होतो, दुसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते बोलण्याला गाव पुरावा मागू लागते तेव्हा. मग गाढव मरते, आंधळा सिंह मरतो. पुस्तकात रक्त सांडते ते तेवढ्या दोन निरपराध प्राण्यांचे, आणि दोन्ही वेळा बार तार्तारँने काढला असला तरी चाप ओढणारे बोट तारास्कोंचे आहे. हा दोदेचा खरा मुद्दा आहे आणि तो त्याने हसता हसता, आवाज न चढवता सांगितला आहे.

पुस्तकात उणेही आहे. अल्जिरियातली अरब, ज्यू आणि काळी माणसे दोदेने रंगीत पडद्यासारखी वापरली आहेत. फ्रेंच अंमलदारांना तो कोपरखळ्या मारतो, पण ज्यांच्या देशात हा तमाशा चालला आहे त्यांच्यापैकी एकालाही तो तार्तारँइतके आतून पाहत नाही. परक्या राज्याखाली राहिलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे खुपल्याखेरीज राहत नाही. आणि दुसरे उणे मला त्या खंडेनवमीनंतर जाणवले. कोस्तकाल्दच्या दुकानात इतकी माणसे येतात, पण विकायला कोणी येत नाही. जुनी बंदूक हातात घेऊन उंबऱ्यावर घुटमळणारे माणूस दोदेने पाहिलेले नाही. तार्तारँची पेटी विकली जाते तीसुद्धा दोन वाक्यांत.

ते माणूस गोगोलने पाहिले. म्हणजे निदान जुन्या बंदुकीचा सौदा पाहिला. इव्हान इव्हानोविच आणि इव्हान निकिफोरोविच यांचे भांडण कसे झाले याची त्याची दीर्घकथा १८३४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी ‘मिर्गोरोद’ या संग्रहात आली. दोन शेजारी, दोघे जिवश्चकंठश्च मित्र. एक दिवस इव्हान इव्हानोविच ओसरीवर पडल्यापडल्या पाहतो की शेजारच्या अंगणात मोलकरीण जुने कपडे उन्हात घालते आहे, आणि त्या कपड्यांत एक बंदूक आहे. झाले. त्या क्षणापर्यंत त्याला आयुष्यात बंदुकीची गरज भासलेली नव्हती. आता तिच्यावाचून चैन पडेना. तो मित्राकडे जातो आणि सौदा मांडतो: बंदूक दे, तपकिरी डुकरीण घे. वर दोन पोती ओट देतो.

बंदूक कशी आहे? तिचा खटका मोडलेला आहे. वीस वर्षांमागे मालकाने ती एका तुर्काकडून घेतली आणि त्यानंतर एकदाही उडवलेली नाही. तरी तो ती देत नाही. घरात बंदूक आहे या जाणिवेनेच म्हणे त्याला स्वस्थ झोप लागते! बोलता बोलता तो मित्राला ‘हंस्या’ म्हणून हिणवतो, हंस या पक्ष्याचा नर या अर्थी, आणि तेथून फिर्यादी सुरू होतात. एकाची फिर्याद कचेरीत शिरलेली ती तपकिरी डुकरीण पळवून नेते, इतके सगळे हास्यास्पद. पण कथेच्या शेवटी निवेदक पुष्कळ वर्षांनी त्या गावी येतो तेव्हा दोघांचेही केस पिकलेले आहेत, दोघेही निकाल उद्या लागणार म्हणून वाट पाहत आहेत, आणि पाऊस पडतो आहे. हसून हसून दमलेला वाचक त्या पावसात एकदम गप्प होतो. जी बंदूक कधी उडाली नाही तिने दोन आयुष्ये ठार केली. वापरलेल्या वस्तूच्या बाजाराचे मर्म गोगोलने ओळखले होते: माणसाला वस्तू नको असते, दुसऱ्यापाशी ती आहे हे त्याला नको असते.

तिसरी कृती चित्रपट आहे. अँथनी मान याने दिग्दर्शित केलेला, जेम्स स्ट्यूअर्टचा ‘विंचेस्टर ’७३’, १९५० सालचा. माझ्या पत्रलेखकांचा तो आवडता. त्यांच्या आग्रहास्तव मी पाहिला. १८७६ सालच्या चार जुलैला डॉज सिटी या गावी नेमबाजीची चढाओढ होते, बक्षीस हजारांत एक अशी निवडक विंचेस्टर रायफल. नायक ती जिंकतो आणि लगेच गमावतो. मग ती चोराच्या हाती, त्याच्याकडून पत्त्यांच्या डावात एका बंदूकव्यापाऱ्याच्या हाती, त्याला मारून एका आदिवासी सरदाराच्या हाती, अशी फिरत राहते. ज्याच्या हाती ती येते त्याला ती आपलीच वाटते, आणि त्याच्यापाशी ती टिकत नाही. चित्रपट वेगवान आहे, पण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना तो दोदेने अरबांना वागवले तसेच वागवतो. त्याचे मोल इतकेच की, जुन्या बंदुकीला आधीच्या प्रत्येक हाताचा इतिहास असतो हे त्याने डोळ्यांना दाखवले. त्या कपाटातल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या मला पुन्हा आठवल्या.

आणि चिठ्ठ्यांबरोबर त्या दुपारची जी गोष्ट मी आतापर्यंत टाळली तीही सांगितली पाहिजे. चार वाजण्याच्या सुमारास एक बाई आल्या. साठीच्या असाव्यात. बरोबर मुलगा होता. पुण्याला नोकरी करणारा, सारखे घड्याळ पाहणारा. त्यांच्या यजमानांची दुनळी ते गेल्यावर रीतसर या दुकानात जमा केलेली होती. मुलाला परवाना काढायचा नव्हता. तिचे काही होते का, एवढे विचारायला त्या आल्या होत्या.

दुकानदाराने साखळी सोडून बंदूक काढली, मोडून नळ्या उजेडाकडे धरल्या आणि काही न बोलता ती बाकाकडे दिली. मग बाक बोलू लागला. डॉक्टर म्हणाले, नळीत खड्डे पडलेत. तलाठी म्हणाले, दस्त्याला तडा आहे, वरून पॉलिश मारलेले दिसते. बागाईतदारांनी घोडा मागे ओढून सोडला आणि नुसतेच चुकचुकले. बाई एवढेच म्हणाल्या, “अहो, दर दसऱ्याला स्वतः तेल लावायचे हो ते. आम्हाला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.” यावर कोणी काही बोलले नाही. दुकानदाराने एक आकडा सांगितला. मुलगा म्हणाला, “ठीक आहे, काका.” बाईंनी कपाटाकडे एकदा पाहिले. नळीच्या तोंडातले झेंडूचे फूल बाकाखाली पडले होते, ते उचलून त्यांनी काउंटरवर ठेवले आणि त्या गेल्या.

त्या रस्त्यापलीकडे गेल्यावर डॉक्टरांनी बंदूक पुन्हा हातात घेतली आणि हळूच म्हणाले, “चीज आहे हो!” बागाईतदार हसले. माझे पत्रलेखक मात्र नळीत पाहत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

दुकानदार या चौघांना रोज चहा का पाजतो, हे मला तेव्हा कळले. तोपर्यंत मी समजत होतो की ही भाबडी मंडळी आहेत आणि दुकानदार त्यांना सोसतो. वस्तुतः बाक हा दुकानाचा बिनपगारी पारखी होता. त्यांच्या तोंडून निघालेल्या उणिवांना त्रयस्थाची किंमत होती. त्यांना पैसा मिळत नव्हता आणि नकोही होता. जाणकार म्हणून आपले म्हणणे ऐकले जाते, एवढ्या सुखासाठी ते बोलत होते. तार्तारँच्या गावकऱ्यांनाही दुसरे काय हवे होते? कोणाचे वाईट करावे असे त्यांच्या मनात नव्हते. पण बोलण्याची झळ लागते ती बाकावरच्याला नव्हे. उंबऱ्यावर जो उभा असतो त्याला लागते.

आणि मीही गप्प बसलो. मला बंदुकीतले काही कळत नाही, ही सबब मी तेव्हा मनाशी धरली. ती खरी होती आणि अपुरी होती. न कळणारा माणूसही “बाई, आणखी एका ठिकाणी दाखवून पाहा” एवढे म्हणू शकतो. वर्गात मुलांना पावनखिंड शिकवताना माझा आवाज चढतो. शेवटच्या बाकावरची मुले डोळे विस्फारून ऐकतात. त्या दुकानात आवाज चढवण्याची गरज नव्हती, तो फक्त काढायचा होता. मी कोणत्या टोप्यांवर बार काढत आलो आहे, हे मला त्या दिवशी समजले.

एस. टी. स्टँडपर्यंत पत्रलेखक पोचवायला आले. वाटेत ठासणीची बंदूक कशी भरतात ते त्यांनी मला हातवारे करून, एकही पायरी न गाळता समजावून दिले. दारू किती, लगदा कशाचा, गज किती वेळा, सगळे. गाडी सुटण्याच्या वेळी म्हणाले, “मास्तर, आजचे कोठे लिहू नका हं.” मी मान हलवली. ती होय म्हणून की नाही म्हणून, हे त्यांनी विचारले नाही. गावाचे किंवा कोणाचे नाव येथे नाही, एवढे मी पाळले आहे.

कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीत मी ते प्रकरण बदलले. आता इनामदार एकच बार काढतो. तो कोणालाही लागत नाही. दुसरा बार भरताना अंधारात त्याचे हात कापतात, दारू ओसरीवर सांडते, केप बोटांतून निसटते. दरोडेखोर पळतात की नाही ते मी सांगितलेले नाही. एका वाचकाने लिहिले की पहिला इनामदार अधिक शूर होता. तसा तो होता खराच. पण त्याने बंदूक कधी हातात धरली नव्हती.

त्या बाई मात्र माझ्या कोणत्याही कादंबरीत अजून येऊ शकलेल्या नाहीत. त्यांना आणायचे तर त्या बाकावर मला स्वतःलाही बसवावे लागेल, आणि ते अजून जमत नाही.